रोमन आकडे : लिहिण्याची व वाचण्याची रीत

मिरजेहून माल खरेदीला मुंबईस जाणाऱ्या व्यापारी बांधवांनी गेटवे ऑफ इंडिया पाहिलाच असेल. कमानीवरील इंग्रजी मजकुराच्या शेवटी 'एमसीएमएक्सआय' अशी अक्षरे आहेत. ते साल आहे, १९११. आम्हा उर्दू शाळेत शिकलेल्यांना हे कोडे वाटते. पण हिशेब सोपा आहे.

अक्षरे सातच : आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००.

आधी रक्कम फोडावी. १९११ म्हणजे १००० + ९०० + १० + १. मग डावीकडून क्रमाने मांडावे : एम, सीएम, एक्स, आय.

लहान अक्षर मोठ्यानंतर आले तर मिळवावे, आधी आले तर वजा करावे. वजाबाकी सहाच ठिकाणी होते : ४ आयव्ही, ९ आयएक्स, ४० एक्सएल, ९० एक्ससी, ४०० सीडी, ९०० सीएम. म्हणून ९९ हे 'आयसी' नव्हे, 'एक्ससीआयएक्स' होते. एकच अक्षर लागोपाठ तीनदाच घ्यावे.

इंग्रजी करारनाम्यात कलमांना व परिशिष्टांना पुष्कळदा हेच आकडे असतात. आयव्ही म्हणजे ४, व्हीआय म्हणजे ६. अक्षरे तीच, जागा बदलली की कलम बदलते, आणि त्याबरोबर देणेही. सहीपूर्वी बोट ठेवून वाचावे.

या पद्धतीत शून्य नाही, आणि वहीखात्याला ती गैरसोयीची आहे.

सराव : गेटवे १९२४ साली खुला झाला. मुलांकडून हे साल लिहून घ्यावे. उत्तर : एमसीएमएक्सएक्सआयव्ही.