अक्षरांना रंग कोण देतो?

संगणकावर आज्ञा टंकित करण्याची जी काळी खिडकी असते, तिला टर्मिनल म्हणतात. तीत पुष्कळदा चूक दाखविणारी ओळ तांबडी व यश दाखविणारी ओळ हिरवी उमटते. हा रंग येतो कोठून? गोव्याच्या शाळांतून आता आज्ञावलीलेखनाचे शिक्षण मिळू लागले असल्यामुळे या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, रंग अक्षरात नसतो. आज्ञावली टर्मिनलकडे केवळ अंकांची मालिका धाडते. ६५ हा अंक आला की रोमन लिपीतील पहिले मोठे अक्षर उमटते. परंतु २७ या अंकाला अक्षरच नाही. त्याचे नाव ‘एस्केप’. ‘पुढे येते ते दाखवू नकोस, त्याप्रमाणे वाग,’ असा त्याचा अर्थ. त्यामागून उघडणारा चौकटी कंस, रंगाचा अंक व शेवटी रोमन लिपीतील लहान ‘एम’ पाठविला की पुढील मजकूर रंगतो. ३१ म्हणजे तांबडा, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा. पार्श्वभूमीसाठी याच अंकांत १० मिळवावेत. ४१ म्हणजे तांबडी पार्श्वभूमी.

पूर्वी प्रत्येक कारखान्याच्या टर्मिनलची सांकेतिक भाषा निराळी असे. १९७६ साली युरोपातील संगणक-उत्पादकांच्या संघटनेने समान संकेत प्रसिद्ध केला. १९७८ साली आलेल्या ‘व्हीटी-१००’ या यंत्राने या पद्धतीचा मोठा प्रसार केला. नवल असे की, त्या यंत्राचा पडदा स्वतः एकरंगीच होता!

रंग अचूक दिसावा म्हणून तीन पथ्ये पाळावीत. पहिले, २७ हा अंक नीट लिहावा. पुष्कळ ठिकाणी तो उलट्या तिरक्या रेघेपुढे ०३३ असा, आठांच्या पायावर लिहितात; ३ × ८ + ३ = २७. बॅश या आज्ञाकवचात नुसती ‘एको’ ही आज्ञा ती चिन्हे जशीच्या तशी छापते. ‘प्रिंटएफ’ मात्र त्यांचा अर्थ लावते. दुसरे, काम संपताच रंगाच्या अंकाऐवजी ० घालून तोच संकेत पुन्हा पाठवावा. अन्यथा पुढील सारा मजकूर त्याच रंगात निघत राहील. तिसरे, मजकूर पडद्यावर जात आहे की फाइलीत, हे आज्ञावलीने आधी तपासावे. फाइल रंग जाणत नाही. तीत ही चिन्हे कचऱ्यासारखी साचतात. पायथन भाषेत या तपासणीसाठी ‘इजॅटी’ नावाची सोय आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट आणखी एक. काही माणसांना जन्मतःच तांबड्या व हिरव्या रंगांतील भेद कळत नाही. केवळ रंगाने दाखविलेली चूक त्यांच्या दृष्टीस पडणार कशी? आपल्या हरमलच्या किनाऱ्यावर समुद्र खवळला की जीवरक्षक तांबडा बावटा रोवतात. पण तेवढ्यावर न थांबता शिटीही वाजवितात. आज्ञावली लिहिणाऱ्यानेही तांबड्या ओळीच्या आरंभी ‘चूक’ हा शब्द स्पष्ट लिहावा. रंगाने अर्थ उठून दिसावा. रंग गेला तरी अर्थ मात्र जाऊ नये.