द्रवाला एवढा दाब कशासाठी?

टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका द्या आणि पट्टीचे खालचे टोक पाण्यात बुडवा. पाणी वर चढू लागले की पुष्कळदा त्या काळ्या शाईतून निरनिराळे रंग सुटे होतात. जो रंग कागदाला अधिक चिकटतो तो मागे पडतो. हेच वर्णलेखन, म्हणजे क्रोमॅटोग्राफी. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या आरंभी खडूची पूड भरलेल्या काचनळीत पानांतील रंगद्रव्ये अशीच वेगळी केली.

मग आजच्या यंत्रांत पोलादी नळीतून द्रव पंपाने, प्रचंड दाबाने का ढकलतात? दाबामुळे पदार्थ वेगळे होतात, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. वेगळे करण्याचे काम नळीतले कण करतात.

हे कण सच्छिद्र असतात. कण मोठा असला की रेणूला आत शिरून बाहेर यायला वेळ लागतो. काही रेणू पुढे जातात, काही रेंगाळतात. पट्टा पसरतो आणि शेजारच्या पट्ट्यात मिसळतो. कण बारीक असले की अंतर थोडे, म्हणून पट्टे अरुंद व स्पष्ट.

परंतु कण बारीक तशा त्यांच्यामधल्या फटीही बारीक. वाळूतून पाणी झटकन उतरते, चिकणमातीत अडून राहते, तसेच हे. नियम असा: कणाचा व्यास निम्मा केला, तर तोच वेग राखण्यास चौपट दाब लागतो.

आता हिशेब करू. समजा, १०० मायक्रॉनच्या कणांना १ मीटर उंच पाण्याचा दाब, म्हणजे सुमारे ०.१ वातावरण पुरतो. कण ५ मायक्रॉनचे, म्हणजे २० पट लहान घेतले, तर दाब २० × २० = ४०० पट; म्हणजे ४० वातावरण! त्यासाठी पाण्याचा ४०० मीटर उंच स्तंभ उभारावा लागेल. म्हणून पंप हवा.

द्रव सावकाशच वाहू दिला तर? तास न् तास जातील, आणि तेवढ्या वेळात रेणू आपोआप पसरून पट्टे पुन्हा रुंदावतील.

बारीक कण व मोठा दाब हाच मार्ग, हे मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्येच ओळखले होते. वर्णलेखनातील कार्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज २ मायक्रॉनहून लहान कण आणि सुमारे १००० वातावरणांपर्यंतचा दाब वापरतात. पॅरासिटामॉलच्या गोळीत ४-ॲमिनोफेनॉल या अपायकारक द्रव्याचा अंश राहिला आहे काय, हे अशा यंत्रावर काही मिनिटांत कळते.

आता तुम्ही सांगा: वरच्या उदाहरणात कण २.५ मायक्रॉनचे घेतले, तर दाब किती लागेल?