उंदरांवरचा धूर आणि माणसाची फुप्फुसे

प्रश्न : आमच्या भागात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की बिड्या जास्तच ओढल्या जातात. कुणाला समजावू लागलो तर ‘उंदरांवरचे प्रयोग माणसाला कसे लागू होतील?’ असे ऐकावे लागते. काय सांगू? – एक वाचक, पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : शंका रास्त आहे. उंदीर फक्त नाकाने श्वास घेतो. त्यामुळे धुरातले बरेच कण त्याच्या नाकातच अडकतात. माणूस तोंडाने झुरका खोल ओढतो. म्हणूनच नुसता धूर देऊन उंदरात फुप्फुसाचा कर्करोग घडवणे संशोधकांना फार जड गेले.

पण या प्रयोगांचे खरे बळ ‘कसे’ या प्रश्नात आहे. 1953 साली अमेरिकेत वाइंडर, ग्रॅहम आणि क्रोनिंजर यांनी उंदरांच्या कातडीवर सिगारेटचा डांबरी अर्क लावला. 44 टक्के उंदरांना कर्करोग झाला. 1997 मध्ये दुसऱ्या एका गटाने महिनोन्महिने धूर दिलेल्या उंदरांत पाहिले की, फुप्फुसातल्या पेशींचे एक विकर नसेल तर वायुकोश फाटत नाहीत. अशी साखळी माणसात उलगडणे शक्य नव्हते.

बिडीबद्दलही काम आपल्याकडेच झाले आहे. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. एस. व्ही. भिडे आणि सहकाऱ्यांनी बिडीच्या धुराचा अर्क आणि मशेरी प्राण्यांवर तपासली. दोन्हींमुळे गाठी झाल्या. माणसांतला पुरावा तर स्वतंत्रपणे उभाच आहे : बिडी ओढणाऱ्यांत तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग जास्त आढळतो. तेव्हा पुढच्या वेळी उंदरांवर वाद न घालता त्या माणसाला खोकला किती दिवसांचा आहे ते विचारा. दोन आठवड्यांहून जास्त असेल तर क्षयरोग नाही ना हे पाहण्यासाठी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यायला सांगा.