लॅपटॉपच्या पंख्याची घरघर : कारणे आणि उपाय

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या भानगडीत पडू नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु आपली टिपणे, आपला प्रकल्प, कित्येकदा आपले ग्रंथालयसुद्धा ज्या यंत्रात साठविलेले असते, तेच घरघरू लागले म्हणजे मराठीचा विद्यार्थी आणि भौतिकीचा विद्यार्थी यांत फरक उरत नाही. गेल्या वर्षी माझ्यावर हा प्रसंग आला. त्यातून जे शिकले ते क्रमाने मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे घर मालाड पूर्वेला, एका खोलीचे. त्याच खोलीत आई साड्यांना फॉल-पिको करते, धाकटा भाऊ झोपतो आणि रात्री मी लिहिते. घरातला एकुलता एक लॅपटॉप २०२० साली, टाळेबंदीत शाळा घरातच भरू लागली तेव्हा, जुना म्हणून घेतलेला. गेल्या मार्चमध्ये त्याचा पंखा एवढा आवाज करू लागला की भावाची झोप मोडे. मी सेटिंगमध्ये जाऊन पंखा शांत ठेवण्याचा पर्याय निवडला. आवाज खाली आला आणि काम झाले असे मला वाटले. तिसऱ्या रात्री, जात्यावरच्या ओव्यांवरील प्रकल्पाची चार पाने लिहून झाली असताना, यंत्र एकाएकी बंद पडले. पाने गेली. खालून हात लावून पाहिला तर चटका बसला.

पहिला धडा येथेच मिळाला. पंख्याचा आवाज हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. तापाने फणफणलेल्या माणसाच्या तोंडावर हात ठेवला तर त्याचे कण्हणे थांबेल, ताप उतरणार नाही.

मुळात हा पंखा असतो कशासाठी? लॅपटॉपमधील प्रोसेसर नखाएवढा असतो. साध्या कामाच्या लॅपटॉपमध्ये तो १५ वॅटच्या आसपास, तर भारी कामाच्या लॅपटॉपमध्ये ४५ वॅट किंवा त्याहून अधिक वीज घेतो, आणि त्या सर्व विजेची अखेर उष्णताच होते. जुन्या ४० वॅटच्या पिवळ्या दिव्याला हात लावून पाहिलेल्यांना निराळे सांगावयास नको. ही उष्णता बाहेर नेण्यासाठी प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी, बंद नळी बसविलेली असते. आत थोडेसे पाणी असते. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि पाणी नळीच्या आतील जाळीतून परत येते. भाताच्या झाकणावर वाफेचे पाणी होते, तसाच हा प्रकार. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी तयार केली. नळीच्या थंड टोकाला धातूचे पातळ पत्रे दाटीने बसविलेले असतात आणि त्यांतून हवा ढकलण्याचे काम पंखा करतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्याला पंख्याखाली गार वाटते ते घाम वाळल्यामुळे. यंत्राला घाम नाही, त्यामुळे पंखा त्याला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही. खोलीच ३४ अंशांवर असेल तर यंत्राची सुरुवात तेथूनच होते. दुसरे असे की, पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्यासाठी शक्ती आठपट लागते आणि आवाज पुष्कळच वाढतो. इतके करूनही प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचला, तर तो आधी आपले काम मंदावतो आणि तरीही न भागल्यास यंत्र स्वतःला बंद करून घेते. माझ्या चार पानांचे हेच झाले.

यंत्र घेऊन मी एका दुकानात गेले. न उघडताच "मदरबोर्ड गेला" असे सांगण्यात आले. सांगितलेल्या रकमेत दुसरा जुना लॅपटॉप आला असता. मी परत आले. आमच्या चाळीत मिक्सर आणि टेबलफॅन दुरुस्त करणारे एक काका आहेत. ते म्हणाले, "पोरी, आधी ह्याचं नाक मोकळं करू. मदरबोर्डाचं मग बघू."

त्यांनी प्रथम माझ्याकडून आवाजाचे वर्णन करून घेतले. ते कोष्टक सर्वांना उपयोगी पडेल. नुसती सों सों असेल तर पंखा ठीक आहे. एक तर काम जास्त आहे किंवा हवेची वाट अडली आहे. जात्यासारखी घरघर असेल तर पंख्याचे बेअरिंग झिजले आहे. टकटक असेल तर पात्यांना वायर, केस किंवा कचरा लागत आहे. आणि यंत्र तापलेले असून आवाज मुळीच नसेल, तर पंखाच बंद पडला आहे असे समजून यंत्र ताबडतोब बंद करावे.

उपाय बिनखर्चाच्या उपायापासून सुरू करावेत. पहिला, यंत्र गोधडीवर किंवा उशीवर ठेवू नये. हवा घेण्याची भोके तळाशी असतात. लाकडी पाट घ्यावा आणि मागील कडेखाली भोके न झाकता दोन काडेपेट्या ठेवाव्यात. दुसरा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. आपण काहीच करीत नसताना प्रोसेसर ८०-९० टक्के गुंतलेला दिसला, तर कोणता प्रोग्राम ते करीत आहे हे तेथेच कळते. तिसरा उपाय सफाईचा. वॉरंटी असेल तर कंपनीच्या केंद्रातच न्यावे. नसेल तर जाणकाराकडून उघडून घ्यावे. आधी बॅटरीची जोडणी काढावी, पाती उदबत्तीच्या काडीने अडवून धरावीत आणि मऊ ब्रशने पत्रे साफ करावेत. तोंडाने फुंकू नये, त्यात ओल असते. चौथा, प्रोसेसर आणि नळी यांमधील थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते, ती बदलावी. बेअरिंगच गेले असेल तर पंख्यावरील चिठ्ठीचा क्रमांक टिपून ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर तसाच पंखा शोधावा. मदरबोर्डाच्या मानाने हा खर्च थोडका असतो. मात्र यंत्राचा तळ किंवा कळफलक फुगलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. तेव्हा चार्जिंग बंद करावे आणि घरी काहीही टोचू-उघडू नये.

काकांनी आमचे यंत्र उघडले तेव्हा पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये बोटभर जाडीची एक वळकटी निघाली. ती नुसत्या धुळीची नव्हती. लाल, हिरवे, मोरपंखी असे बारीक धागे तीत होते. आई म्हणाली, "हे तर माझ्याच साड्यांचं." वळकटी काढल्यावर यंत्र पूर्ववत झाले. मदरबोर्ड शाबूत होता.

पण माझ्या मनातून ती वळकटी जाईना. मालाड पश्चिमेला चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर मोठमोठी कार्यालये उभी राहिली, तेव्हाची हकीगत अनेकांनी वाचली असेल. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील संगणक वारंवार बिघडू लागल्याच्या बातम्या आल्या. कुजणाऱ्या कचऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो आणि तो तांब्याला व चांदीला खातो. त्याच बातम्यांत कर्मचाऱ्यांच्या डोकेदुखीच्या आणि मळमळीच्याही तक्रारी होत्या. यंत्र आणि माणूस एकच हवा घेतात. फरक इतकाच की, यंत्र उघडून पाहता येते.

आईला दोन वर्षांपासून कोरडा खोकला होता. हवामानाचा असेल म्हणून आम्ही तो अंगावर काढला होता. त्या आठवड्यात मी तिला दवाखान्यात नेले. आता शिलाई मशीन खिडकीशी आहे, काम करताना ती तोंडाला फडके बांधते, आणि खोली कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसतो. खोकला गेलेला नाही, पण पुष्कळ कमी झाला आहे.

तेव्हा मित्रहो, आपल्या यंत्राचा पंखा ओरडू लागला तर त्याला गप्प करण्याची घाई करू नका. आधी तो काय सांगतो ते ऐका, मग उघडा, आणि आत जे सापडेल ते टाकून देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा.