कॅसेटमधली माणसं समोर येतात तेव्हा

कॉलेज रोडवरच्या माझ्या वर्षांना स्वतःचं असं एक संगीत आहे. नाशिकमध्ये ऐकायला काही कमी नव्हतं. गणपतीत नाशिक ढोल, दिवाळीत पाडवा पहाट, रिक्षांमधून हिंदी सिनेमाची गाणी. पण रात्री दिवा मालवल्यावर उशाशी वाजायचा तो 'इंडियन ओशन'. १९९० साली दिल्लीत सुरू झालेला हा बँड मला २००० च्या आसपास कॅसेटवर भेटला. प्रत्यक्ष ऐकला तो मात्र चाळिशी ओलांडल्यावर, मुंबईत, त्यांचा २०२३ चा 'तू है' हा अल्बम येऊन गेल्यानंतर. त्या संध्याकाळी जे उमगलं ते अजून मनात घोळतं आहे. तुमचा बँड वेगळा असेल, गाव वेगळं असेल. तरी सांगते.

१. ज्या आवाजासाठी गेले, तो आवाज तिथे नव्हता. आणि तरीही गाणं तिथे होतं. बँडचे गायक आणि तबलावादक अशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. मांडी घालून बसायचं, तबला वाजवायचा आणि वाजवता वाजवताच गायचं, ही त्यांची रीत. ते गेल्याची बातमी मला पंधरा वर्षं ठाऊक होती, पण कानांपर्यंत ती पोचली नव्हती. 'कंदिसा' सुरू झालं तशी मी त्यांच्या आवाजाची वाट पाहू लागले. ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली जुनी प्रार्थना. तिचा एक शब्दही न कळता आम्ही कितीतरी वर्षं ती गुणगुणलो होतो. बँडचे आताचे गायक हिमांशू जोशी गायला लागले. त्यांनी अशीमदांची नक्कल केली असती तर मी तिथेच कोसळले असते. ते स्वतःच्या गळ्याने, स्वतःच्या जागा घेत गायले. डोळे भरून आले, पण ज्या दुःखासाठी येतील असं वाटलं होतं त्यासाठी नव्हे. गाणं पोरकं झालेलं नाही, हे पाहून आले.

२. कॅसेट आपल्याला आवाज देते, माणसं देत नाही. आमच्या नाशिकला कॅसेट वेळेवर यायची, कलाकार यायचे नाहीत. मोठे बँड ऐकायचे तर कसारा घाट उतरावा लागे, आणि मुलींना रात्रीच्या कार्यक्रमासाठी घाट उतरू देणारी घरं तेव्हा थोडी होती. २००८ पासून गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यांत सुलाफेस्ट भरू लागलं आणि आपल्या गावाच्या वेशीवर बँड येतात हे नवल खरं झालं. तोवर आम्ही अंधारात, एकाच स्पीकरला कान लावून ऐकलं. त्या ऐकण्याला एक खोली होती हे खरं. पण बास गिटार वाजवणारा आणि तो भरदार आवाज लावणारा माणूस एकच, राहुल राम, ही गोष्ट नुसती वाचणं वेगळं आणि बोटं एका लयीत, गळा दुसऱ्या लयीत चाललेला डोळ्यांनी पाहणं वेगळं. इतकी वर्षं पाठ असलेलं गाणं मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

३. ज्याला मी 'मूळ गाणं' म्हणत होते, ती एका दिवसाची मैफल होती. 'डेझर्ट रेन' हा अल्बम मला स्वरन् स्वर पाठ. तो कुठल्या स्टुडिओत झालेला नाही. १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत मंडी हाऊसपाशी, रंगकर्मी सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमाचं ते ध्वनिमुद्रण आहे. म्हणजे त्या दिवशी थंडीत उभ्या असलेल्या लोकांपुढे त्यांना जे सुचलं, ते मी कायमचं म्हणून मनात जपलं. मुंबईत तीच सुरावट निराळ्या वाटेने गेली, एका जागी रेंगाळली, दुसऱ्या जागी उसळली. सुरुवातीला मन प्रत्येक वळणावर जुन्या वळणाशी ताडून पाहत होतं. मग हळूहळू ताडणं सुटलं आणि ऐकणं सुरू झालं. आपल्याकडे रागसंगीत ऐकणाऱ्याला हे बाळपणापासून माहीत असतं: कालचा यमन आज नसतो. हेच बँडलाही लागू आहे, हे मला त्या रात्री कळलं.

४. गाणं हे काम आहे, आणि ते काम करणाऱ्यांविषयी माझ्या मनातला आदर आता वेगळ्या जातीचा आहे. विशीत मला ही माणसं नुसती प्रतिभावान वाटत. आता मी त्यांचे घाम पुसणारे हात पाहिले. १९९४ पासून बँडमध्ये असलेले अमित किलम ड्रम वाजवता वाजवता मध्येच गबगुबी घेतात. बंगालच्या बाऊल गायकांचं ते वाद्य काखेत धरून, तार ओढून वाजवायचं. पुढच्या गाण्यात त्यांच्या ओठांशी रेकॉर्डर, म्हणजे लाकडी बासरीसारखं वाद्य. तुहीन चक्रवर्ती तबल्यावरून मान वर करून बासकडे बघतात, तिकडून नुसती भुवई हलते आणि लय बदलते. साठी पार केलेले राहुल राम दोन गाण्यांच्या मधे गप्पा मारतात, त्या गप्पांमध्येच श्वास सावरून घेतात. स्वतःच्या क्षेत्रात काही वर्षं खपल्यावरच आपल्याला दुसऱ्याचं खपणं दिसतं. विशीत ही मैफल ऐकली असती तर मी जास्त नाचले असते. एवढं पाहिलं नसतं.

५. ज्या गाण्यावर आपण डोलतो, त्यामागे एखादं गाव उभं असतं. 'मा रेवा' हे नर्मदाकाठचं लोकगीत. राहुल राम यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केली आणि परतल्यावर ते नर्मदा बचाव आंदोलनात गेले. हे गाणं त्या दिवसांतून बँडकडे आलं. कॉलेजात आम्हाला ते नदीचं भक्तिगीत वाटायचं, आणि ते तसं आहेही. गोदावरीकाठी वाढलेल्या माणसाला नदीची आरती समजावून सांगावी लागत नाही. पण नर्मदा महाराष्ट्रालाही शिवून जाते, आमच्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरांखालून. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत तिथलं मणिबेली होतं. मैफलीत 'मा रेवा'ला हजारभर माणसं एका आवाजात गायला लागली, तेव्हा मणिबेलीचं नाव मनात येऊन थांबलं. गाण्याचा आनंद त्यामुळे कमी झाला नाही. त्याला वजन आलं. आपल्याला आवडणाऱ्या गाण्यामागचा माणूस शोधणं हा ऐकण्याचाच भाग आहे, असं मला आता मनापासून वाटतं.

६. आपला बँड फक्त आपला नसतो, आणि हे कळल्यावर मोकळं वाटतं. माझ्या शेजारी सोलापूरहून आलेला एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता. "काकू, तुम्ही यांना 'मसान'च्या आधीपासून ऐकता?" त्याने विचारलं. हो म्हटलं, तर त्याच्या चेहऱ्यावर थेट कुतूहल. "मग सांगा ना, आधी कसे होते?" २०१५ च्या 'मसान' सिनेमातली वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेली गाणी हा त्याचा दरवाजा. माझ्या धाकट्या भावाच्या पिढीचा दरवाजा 'ब्लॅक फ्रायडे'. मुंबईतल्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा तो सिनेमा न्यायालयात अडकला, २००७ मध्ये पडद्यावर आला, आणि तोवर त्यातलं 'बंदे' पोरांच्या तोंडी पाठ झालं होतं. त्या मुलाला मी अशीमदांबद्दल, मूळ गिटारिस्ट सुस्मित सेन यांच्याबद्दल जमेल तेवढं सांगितलं. नंतर 'मसान'मधलं गाणं लागलं तेव्हा त्याने डोळे मिटले, आणि मी त्याच्याकडे पाहून समजले की विशीत माझा चेहरा असाच दिसत असणार. जे मला मिळालं ते त्याला मिळतं आहे. यात माझं काही जात नाही.

७. माणसं बदलूनही बँड तोच राहू शकतो. त्याला नाव पुरत नाही, निष्ठा लागते. अशीमदा गेले. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले. राग आणि गिटार यांची जी सोयरीक त्यांनी जुळवली होती, ती तर या संगीताची ओळखच. त्या जागी आज निखिल राव वाजवतात. त्यांना ऐकताना मला अखंड हरिनाम सप्ताहातली वीणा आठवली. ती खाली ठेवायची नसते. एक विणेकरी थकला की पुढचा येतो, आधी पाया पडतो आणि मग वीणा गळ्यात घेतो. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेत, पौषातल्या थंडीत, मी हे किती वेळा पाहिलं आहे. वीणा घेणाऱ्याचा पहिला गुण पाया पडण्याचा. निखिल राव यांच्या वाजवण्यात मला तो जाणवला: आधीच्याचा मान राखून पुढे जाणं. जुने चाहते अनेकदा फक्त 'मूळ' माणसांची यादी धरून बसतात. त्यांचं प्रेम खरं असतं. पण ज्यांनी रिकामी जागा भरायचं धाडस केलं, त्यांच्यावरही तेवढंच प्रेम करता येतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

८. तिकीट काढणं ही कृतज्ञता व्यक्त करायची सगळ्यात सरळ रीत आहे. दिल्लीत करोल बागेतल्या खजूर रोडवरच्या १६/३३० क्रमांकाच्या जुन्या घरात हा बँड वर्षानुवर्षं सराव करायचा. २०१० साली त्यांनी '१६/३३० खजूर रोड' या नावाचा अल्बम केला. महिन्याला एक गाणं, इंटरनेटवर, सगळ्यांना फुकट. अशीमदांचा आवाज असलेली ती शेवटची गाणी. रेकॉर्ड कंपनीच्या अटींत अडकण्यापेक्षा गाणी थेट ऐकणाऱ्याच्या हातात द्यायची, आणि पोट मैफलींवर चालवायचं, असा तो हिशोब. एवढ्या मोठ्या मनाने दिलेली वस्तू मी कितीतरी वर्षं आनंदाने वापरली आहे. म्हणून मुंबईचं तिकीट, जाण्यायेण्याचा खर्च, रात्रीचा मुक्काम, यातलं काहीही मला महाग वाटलं नाही. कलाकाराला आपण पत्र लिहितो, फोटो काढतो, नमस्कार करतो. त्याच्या मैफलीचं तिकीट काढतो, तेव्हा पुढची मैफल होण्यात आपला वाटा असतो.

९. ऐकून घ्यायचं ते माणसं आहेत तोवर. खुल्या मैदानात रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आहे. दहाला काही मिनिटं उरलेली असताना सगळं मैदान 'वन्स मोअर' ओरडत होतं, आणि त्यांनी आणखी एक गाणं बसवलंच. ते गाणं चालू असताना मला दोन गोष्टी लख्ख दिसल्या. एक, अशीमदांना ऐकायची माझी संधी गेली ती गेली, तिला पर्याय नाही. आणि म्हणूनच आज जे समोर आहेत त्यांना ऐकणं ही चैन नाही, गरज आहे. दुसरी, ज्या वयात संगीत माणसाच्या आत कायमचं घर करतं त्या वयाची मुलं आजही कॉलेज रोडवर आहेत, आणि त्यांच्यातलीच काही एखाद्या खोलीत गिटार, ढोलकी, की-बोर्ड घेऊन स्वतःची गाणी रचत आहेत. आता नाशिकमध्ये अशा पोरांचा कार्यक्रम असला की मी तिकीट काढून जाते आणि पुढच्या रांगेत बसते. 'इंडियन ओशन'लाही सुरुवातीच्या वर्षांत कुणीतरी असंच पुढे बसून ऐकलं असणार. त्या ऐकणाऱ्यांमुळे तो बँड टिकला, म्हणून मला तो मिळाला. पुढच्या कुणाला मिळावा एवढं ऐकणं माझ्याकडून व्हावं, अशी इच्छा आहे.