मिनीमाता : लोकांचा विश्वास

प्रस्तावना
निवडून येण्याने लोकप्रतिनिधीचे कार्य संपत नाही. ते तेथून सुरू होते. छत्तीसगडच्या पहिल्या महिला खासदार मिनीमाता यांच्या कार्याचा परिचय या पाठातून होईल.

मूळ पाठ
रायपूरजवळील उरला औद्योगिक वसाहतीत रोजगारासाठी दूरदूरचे लोक येतात. एके काळी मात्र छत्तीसगडमधील माणसे दुष्काळाने हतबल होऊन आसामच्या चहामळ्यांची वाट धरीत. आसामात स्थायिक झालेल्या अशाच एका कुटुंबात मिनीमातांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव मीनाक्षी. सतनामी पंथाचे गुरू अगमदास यांच्याशी विवाह झाल्यावर त्या पूर्वजांच्या भूमीत परतल्या.

सर्व माणसे समान आहेत, ही गुरू घासीदासांची शिकवण सतनामी पंथाचा पाया होय. तरीही या समाजाला अस्पृश्यतेचे चटके सोसावे लागत. अगमदास १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या निधनानंतर १९५५ च्या पोटनिवडणुकीत मिनीमाता खासदार झाल्या. पुढे १९५७, १९६२, १९६७ व १९७१ या चारही निवडणुकांत त्या विजयी झाल्या. पहिल्या वेळी पतीची पुण्याई पाठीशी होती. नंतरचा विश्वास त्यांनी स्वतःच्या कार्याने मिळवला.

राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तर १९५५ च्या कायद्याने ती पाळणाऱ्यास शिक्षा ठरवली. परंतु केवळ कायद्याने गावचा पाणवठा सर्वांना खुला होत नाही. त्यासाठी लोकांची मने बदलावी लागतात. हे ओळखून मिनीमातांनी संसदेतील कामाला समाजजागृतीची जोड दिली. बालविवाह व हुंडा यांना त्यांनी विरोध केला आणि मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला. भिलाईच्या पोलाद कारखान्यात स्थानिकांना काम मिळावे, हसदेव नदीचे पाणी शेतीला मिळावे, यासाठीही त्या झटल्या.

११ ऑगस्ट १९७२ रोजी दिल्ली येथे विमान अपघातात त्यांचे निधन झाले. हसदेव नदीवरील बांगो धरणाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या कुटुंबातील मुलीचे नाव पाणी साठवणाऱ्या धरणाला लाभावे, याहून समर्पक स्मारक कोणते?

शब्दार्थ
हतबल – असहाय
पाणवठा – पाणी भरण्याची जागा
देशोधडीला लागणे – घरदार सोडून परमुलखी जावे लागणे

पाठावरील प्रश्न
१. मिनीमातांचे कुटुंब आसामात का स्थायिक झाले होते?
२. ‘केवळ कायद्याने पाणवठा खुला होत नाही’ हे विधान स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील एखादा प्रश्न मांडणारे पत्र तुमच्या खासदारांना लिहा.