येत होते, तरी चुकले

प्रवेशपरीक्षेत गुण दोन तऱ्हांनी जातात. प्रश्न येतच नव्हता, ही पहिली तऱ्हा. तिच्यावर अभ्यास हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न येत होता आणि तरी चुकला, ही दुसरी. तिला घरोघरी ‘सिली मिस्टेक’ म्हणतात आणि विचार तिथेच थांबतो. निकालाच्या मोसमात एरंडोल, कासोदा, धरणगाव या भागातून समुपदेशकांकडे येणारा प्रश्नही ठरलेला असतो: ‘घरी सगळं येतं हो त्याला, पेपरातच धांदल करतो. आता जळगावला कोणता क्लास लावू, की सरळ लातूर-कोटा गाठू?’ या दुखण्यावर नवा क्लास हे औषध नाही. क्लासात न येणारे शिकवले जाते. येणारे का चुकते याचा शोध विद्यार्थ्यालाच आपल्या जुन्या उत्तरपत्रिका पुढे घेऊन लावावा लागतो, आणि त्याला फी पडत नाही.

‘सिली मिस्टेक’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या ओळखण्याची रीत सोपी आहे. चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी, उत्तर न बघता आणि घड्याळ न लावता पुन्हा सोडवायचा. पुन्हा चुकला, तर ती धांदल नव्हती. धडा कच्चा आहे. बरोबर आला पण चार मिनिटे लागली, तर समज आहे, हात बसलेला नाही. झटक्यात बरोबर आला, तरच ती खरी धांदल. ही तपासणी प्रामाणिकपणे केली की ‘सिली’ची यादी आखडते, आणि नेमके तेच मुलाला आणि पालकाला दोघांनाही नको असते. ‘हुशार आहे, फक्त धांदरट आहे’ हे वाक्य ‘उष्मागतिकीचा धडा येत नाही’ यापेक्षा कानाला बरे वाटते. त्या बरे वाटण्यात एक अख्खे वर्ष निघून जाते.

वेळेचा हिशेब प्रत्येक परीक्षेचा निराळा आहे आणि तो आकड्यांत माहीत असलाच पाहिजे. २०२५च्या नीट परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि ७२० गुण होते. २०२२ ते २०२४ या वर्षांत तेवढेच प्रश्न सोडवायला २०० मिनिटे मिळत आणि काही प्रश्नांत निवडीची मुभा असे. दोन्ही सवलती २०२५ला गेल्या. म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेले वेळापत्रक आता चालत नाही. जीवशास्त्राचे ९० प्रश्न पन्नास मिनिटांत, रसायनशास्त्र पन्नास मिनिटांत, भौतिकशास्त्राला पासष्ट आणि शेवटी पंधरा मिनिटे राखीव, अशी विभागणी बहुतेकांना झेपते. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांनाही ९० मिनिटेच, म्हणजे प्रश्नामागे १०८ सेकंद, आणि तिथे प्रत्येक प्रश्न २ गुणांचा. एका भागात वाचलेला वेळ दुसऱ्या भागात वापरता येत नाही, त्यामुळे रसायनशास्त्रात दाखवलेल्या चपळाईचा गणिताला काडीचाही उपयोग नसतो.

वेळ कमी पडण्याचे मोठे कारण हळू सोडवणे नसून न सोडणे हे आहे. एका हट्टी प्रश्नावर सहा मिनिटे घालवली की पुढचे पाच-सहा सोपे प्रश्न घाईत वाचले जातात, आणि धांदलीच्या चुका तिथे होतात. पहिल्या फेरीत वाचताक्षणी रस्ता दिसला तरच प्रश्न सोडवायचा, नाहीतर खूण करून पुढे जायचे. दुसऱ्या फेरीत खुणेचे प्रश्न, तिसऱ्या फेरीत उरलेले. २०२५चा नीटचा भौतिकशास्त्राचा भाग इतका अवघड होता की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाही ७२० पैकी ६८६ गुण मिळाले. अशा पेपरात प्रश्न वेळेवर सोडून देणे हेही कौशल्यच असते आणि त्याचा वेगळा सराव करावा लागतो.

अंदाजाने उत्तर देण्याबद्दल फार चुकीचे सल्ले दिले जातात. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ कापला जातो. चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना डोळे मिटून उत्तर दिले, तर सरासरीने पाव गुण पदरात पडतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर ही सरासरी सुमारे ०.६७ होते, दोन बाद झाले तर दीड. तेव्हा ‘उणे गुण आहेत, अंदाज मुळीच नको’ हा धाक गणिताला धरून नाही. मात्र पर्याय रचणारा अर्धवट माहिती असलेल्याला फसवण्यासाठीच ते रचतो, म्हणून ‘असं काहीतरी वाचलं होतं’ एवढ्यावर उत्तर देणे धोक्याचे. खरे नुकसान वेगळ्याच जागी होते. येत असलेला प्रश्न चुकला की मिळणारे ४ जातात आणि वर १ कापला जातो, म्हणजे ५ गुणांची घट. अशा आठ चुका म्हणजे ४० गुण, आणि तेवढ्या गुणांत सरकारी महाविद्यालयाची जागा हातची जाऊ शकते.

सीईटीत उणे गुण नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे गुण टाकून देणे. प्रत्येक भागाच्या शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांचे पर्याय भरलेच पाहिजेत. अडचण अशी की खान्देशातली बरीच मुले दोन्ही परीक्षा देतात आणि त्या लागोपाठ येतात. २०२५ला सीईटीचा जीवशास्त्र गट ९ ते १७ एप्रिलला होता आणि नीट ४ मे रोजी. पंधरवड्यात नियम उलटतो, पण सवय उलटत नाही. सीईटीतला सरसकट भरण्याचा हात नीटमध्ये चालतो, किंवा नीटची भीती सीईटीत प्रश्न कोरे ठेवते. मधल्या आठवड्यांत फक्त नीटच्या नियमाने, कागदावर गोल काळे करत सराव हवा. जेईई मेनमध्ये नीटसारखेच गुण कापले जातात, एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीला एक चतुर्थांश गुण जातो, पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत काही कापले जात नाही. तत्त्व सगळीकडे हेच: सराव त्या त्या परीक्षेच्याच नियमाने करायचा.

खरी धांदलही एका साच्याची नसते. भौतिकशास्त्रातला नेहमीचा प्रश्न घ्यावा: स्थिर दाबाखाली वायूचे तापमान २७ अंश सेल्सिअसवरून ३२७ अंशांवर नेले, तर आकारमान किती पट होईल? केल्विनमध्ये ३०० चे ६०० होतात, उत्तर दुप्पट. घाईत ३२७ ला थेट २७ ने भागले की सुमारे बारा पट येते, आणि पर्यायांत ‘१२ पट’ हजर असतो. आपले उत्तर पर्यायांत दिसले की मूल निश्चिंत होते, पुन्हा बघत नाही. जीवशास्त्रात ‘चुकीची जोडी ओळखा’मधला ‘चुकीची’ डोळ्यांआड होतो आणि पहिली बरोबर जोडी दिसताच गोल भरला जातो. उपाय यांत्रिक आहे: प्रश्नातल्या ‘चुकीचे’, ‘नाही’, ‘वगळता’ या शब्दांखाली पेनाने रेघ ओढल्याशिवाय पर्यायांकडे जायचेच नाही, आणि तापमान दिसले की आकडेमोडीआधी केल्विन लिहायचे. तिसरा प्रकार उतरवण्याचा. एक प्रश्न सोडला पण उत्तरपत्रिकेवरची ओळ सोडली नाही, की पुढची सगळी उत्तरे एकेका घराने सरकतात. दर पानाच्या शेवटी प्रश्नक्रमांक जुळवून पाहिला की हे तिथल्या तिथे पकडले जाते. संगणकावरच्या सीईटीत हाच घोळ पडद्यावरून कच्च्या कागदावर आकडे उतरवताना होतो, म्हणून कच्चे कामही प्रश्नक्रमांक घालून, रकाने पाडून करावे.

यासाठी एक साधी शंभर पानी चुकांची वही पुरते. प्रश्न थोडक्यात, काय केले, पाय कुठे घसरला आणि पुढच्या वेळी काय करायचे, एवढेच तिच्यात लिहायचे. चार-पाच चाचण्यांनंतर दिसते की प्रत्येकाच्या एक-दोन आवडत्या चुका असतात आणि त्याच फिरून फिरून येतात. कोणाला चिन्ह दगा देते, कोणाला एकक, कोणाला शेवटची ओळ न वाचण्याची खोड असते. दुसऱ्याच्या चुकांची छापील यादी इथे कामाची नाही.

एरंडोल तालुक्यासाठी आणखी एक कारण आहे आणि त्याकडे फारसे कोणी बघत नाही: वाचण्याचा वेग. घरी अहिराणी, दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तके, असा इथल्या बहुसंख्य मुलांचा प्रवास असतो. त्यांना रसायनशास्त्र येते, पण सहा ओळींचा कथन-कारण प्रश्न इंग्रजीतून दोनदा वाचावा लागतो. त्या दुसऱ्या वाचनात मिनिट जाते, आणि घरी त्याला ‘स्पीड नाही’ म्हणतात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. तिच्यात मराठीबरोबर इंग्रजी मजकूर असतो आणि वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. पण मराठी घ्यायची की इंग्रजी, हा निर्णय अर्ज भरताना शेवटच्या रात्री घेण्याचा नाही. संज्ञा इंग्रजीत पाठ केलेल्या मुलाला ऐनवेळी मराठी संज्ञा अडवतात. अकरावीतच भाषा ठरवावी. इंग्रजी ठरली, तर रोज वीस मिनिटे पाठ्यपुस्तकाचे एक पान घड्याळ लावून वाचावे आणि मिटून आशय आपल्या शब्दांत सांगावा. सूत्रांच्या शॉर्टकटवर पैसे घालण्यापेक्षा हा सराव कितीतरी अधिक वेळ वाचवतो, आणि तो फुकट आहे.

सध्याची फॅशन मात्र चाचण्यांच्या भडिमाराची आहे. टेस्ट सिरीज दोन-दोन लावायच्या, शेवटच्या महिन्यात रोज एक पेपर, गुणांचा तक्ता व्हॉट्सअॅपवर. चुका न तपासता दिलेला पेपर त्याच चुकांचा सराव करून घेतो. आठवड्याला एक पूर्ण पेपर आणि त्याच्या दुप्पट वेळ तपासणीला, हे प्रमाण पुष्कळ आहे. परीक्षा जवळ आली की दोन पेपर, त्याहून जास्त नाहीत.

याहून मोठा अडथळा घरातच असतो, आणि तो दहा वर्षांच्या वयापासून उभा राहतो. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती आणि भुसावळजवळच्या साकेगावच्या नवोदय विद्यालयाची निवड चाचणी, या इथल्या मुलांच्या पहिल्या स्पर्धापरीक्षा. नवोदयची चाचणी ८० प्रश्नांची, १२० मिनिटांची. आठवीच्या शिष्यवृत्तीत वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय अचूक ठेवले जात आणि दोन्ही नोंदवल्याशिवाय गुण मिळत नसे. म्हणजे सूचना नीट वाचणे हाच तिथे अभ्यास. या शालेय परीक्षांच्या वेळीच फाटकाबाहेर उभे राहून प्रश्नपत्रिका ओढून घेणारे पालक दिसतात. ‘एवढं सोपं कसं चुकवलंस?’ हा प्रश्न तिथे, चारचौघांत विचारला जातो. त्यातून मूल एकच धडा घेते: चूक लपवायची. पुढे बारावीत हेच मूल चुकांची वही खरी लिहू शकत नाही, कारण ती कोणाच्या तरी हाती लागेल ही भीती असते. शेजारच्या मुलाचे गुण जेवताना काढणे, चाचणीच्या रात्री क्लासच्या ग्रुपवर क्रमांक शोधणे, फीचा आकडा ऐकवणे, या सगळ्याने पेपरातली धांदल वाढते. घाबरलेला माणूस अर्धा प्रश्न वाचून उत्तराकडे धावतो. हे थांबवता येत नसेल, तर पालकांनी मुलाच्या अभ्यासात पडूच नये. वही मुलाची आहे. दाखवली तर बघावी, मागू नये, आणि बघितली तर टीका न करता मिटवून परत द्यावी.

परीक्षेच्या दिवसाची तयारीही सरावाचाच भाग आहे. नीट दुपारी २ ते ५ असते, फाटक १:३०ला बंद होते, आणि मे महिन्यात जळगावचा पारा चाळिशी केव्हाच ओलांडून गेलेला असतो. पहाटे थंडाव्यात पेपर सोडवणाऱ्या मुलाला ती दुपार परकी वाटते. शेवटच्या सहा आठवड्यांतले पूर्ण पेपर त्याच वेळेत, पंख्याखाली, मध्ये न उठता द्यावेत. मनगटी घड्याळ नेता येत नाही, तेव्हा घरचा सरावही भिंतीवरच्या घड्याळावर करावा आणि दर पन्नास मिनिटांनी किती प्रश्न झाले, हे बघण्याची सवय लावावी. केंद्र जळगावला आले तर एरंडोलहून सुमारे तीस किलोमीटरच आहे, पण रविवारच्या एसटीच्या भरवशावर राहू नये. सकाळीच निघावे आणि आदल्या दिवशी केंद्र पाहून यावे. केंद्रावर वेळ वाया गेला तर पर्यवेक्षकाला तिथल्या तिथे सांगून नोंद करून घ्यावी. २०२४ला अशा कारणाने १,५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले गेले, मग ते रद्द झाले आणि २३ जूनला फेरपरीक्षा ठेवावी लागली. सीईटी आणि नीट यांच्यामधल्या दिवसांत झालेल्या पेपराची उत्तरे जुळवत बसू नये. ते काम दोन्ही परीक्षा संपल्यावर करावे.